पोरांना घेऊन टाऊन हॉल म्युझियम बघायचं तर

कोल्हापुरात पाहुणे आले की ठरलेला बेत असतो: सकाळी अंबाबाई, मग न्यू पॅलेस, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. टाऊन हॉल मध्येच कुठेतरी 'जाता जाता' कोंबला जातो. पोरं आधीच दमलेली असतात, वीस मिनिटांत चक्कर मारून सगळे बाहेर येतात आणि 'काय नव्हतं विशेष' म्हणतात. चूक म्युझियमची नाही, क्रमाची आहे. न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले वाघ, हत्यारं आणि दरबार हॉल बघितल्यावर बोटाएवढ्या वस्तूंवर कुणाची नजर ठरणार? दोन्हींना वेगवेगळे दिवस द्या. ते जमणार नसेल तर टाऊन हॉल आधी.

ठिकाण भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोर. अंबाबाईच्या देवळापासून चालत पंधरा मिनिटं. सरकारी संग्रहालय असल्यामुळे सोमवारी बंद, आणि रविवार धरून आलेली मंडळी नेमकी सोमवारीच दारात उभी असतात. सकाळी उघडल्या उघडल्या जावं, दुपारनंतर सहलीच्या बस येतात. दहा वर्षांखालच्या पोरांना पाऊण तास पुरे, मोठ्यांना दीड तास. डबा-पाणी आत जाण्याआधी बागेतच उरकून घ्या, पण झाडाखाली बसण्याआधी एकदा वर बघा. इथल्या झाडांवर वटवाघळं लटकलेली असतात. पोरांना ती बाकी सगळ्यापेक्षा जास्त आवडतात, आणि डब्याचं झाकण उघडं असेल तर पुढचं सांगायला नको.

आत जाण्याआधी इमारतीला बाहेरून एक फेरी मारा. 1872 ते 1876 मधलं हे काळ्या दगडाचं बांधकाम मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर झालं. न्यू पॅलेसही त्यांचाच. टोकदार कमानी इथे मोजायला लावा आणि न्यू पॅलेसला गेल्यावर तिथल्या कमानी कशा वेगळ्या आहेत ते विचारा. एवढा गृहपाठ पुष्कळ झाला.

आत गेल्यावर पहिल्या कपाटापासून शेवटच्यापर्यंत सगळ्या पाट्या वाचत जाऊ नका. पोरं तिसऱ्या कपाटाशीच कंटाळतात. ब्रह्मपुरीच्या वस्तू कुठे आहेत ते विचारा आणि थेट तिकडे जा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर 1944 ते 1946 या काळात खोदकाम झालं. शेवटच्या हंगामाचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित यांनी केलं. तिथे निघालेल्या वस्तू ठेवायला जागा हवी, म्हणून हे म्युझियम सुरू झालं. सातवाहन काळातली वस्ती, आणि तिच्यात सापडलेला पोसायडन, म्हणजे ग्रीक लोकांचा समुद्रदेव. वीतभरही नसलेला, दाढीवाला, काशाचा. समुद्र इथून घाट उतरून पलीकडे, आणि समुद्राचा देव पंचगंगेच्या काठावर. रोमशी चाललेल्या व्यापाराचा माल कोकणातल्या बंदरांत उतरायचा आणि घाटवाटांनी वर यायचा. हे पोरांना लगेच सांगू नका. 'हा इथे कसा आला असेल?' एवढंच विचारा आणि गप्प बसा.

काशाच्या वस्तूंचा रंग नीट बघायला शिकवा. गुळगुळीत, गडद हिरवा थर असेल तर धातू स्थिरावलेला आहे. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली तर आत क्षार आहेत आणि ते धातूला अजून खातायत. हवेतला दमटपणा त्याला खतपाणी घालतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो काही कमी नसतो. घामाच्या हातातही मीठ असतं. म्हणून हात लावायचा नाही. नुसतं 'हात लावू नको' म्हणण्यापेक्षा हे कारण सांगितलं की पोरं खरंच ऐकतात.

दुसरी थांबायची जागा म्हणजे सातवाहनांच्या काळात इथे राज्य करणाऱ्या कुर राजांची नाणी. ती बरीचशी शिशाची, काळपट, आणि पहिल्या नजरेला भंगारच वाटतील अशी. पण एका बाजूला धनुष्यबाण असतो, दुसऱ्या बाजूला कमानी एकावर एक रचल्यासारखा डोंगर आणि झाड. कडेने ब्राह्मी अक्षरं: 'रञो वासिठिपुतस विळिवायकुरस'. वासिष्ठीचा मुलगा, म्हणजे राजाच्या नावाआधी आईचं नाव. एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्याने आपला ठसा मारलेलीही सापडतात, आणि कोण आधी, कोण नंतर हे ठरवायला अभ्यासकांना त्याच डबल ठशाचा उपयोग होतो. धनुष्यबाण आधी कोण शोधतो अशी पैज लावा. पेन्सिल आणि कोरी वही बरोबर ठेवा. चित्र काढताना पोरगं पाच मिनिटं एका जागी उभं राहतं, मोबाईलवर फोटो काढताना पाच सेकंद.

फोटोला परवानगी असेल तरी फ्लॅश बंद. काचेवर पांढरा गोळा येतो आणि फोटो वाया जातो. काचेला टेकू नये, थोडं तिरकं उभं राहावं. पांढरा शर्ट घातलेला माणूस समोर असेल तर फोटोत नाण्याऐवजी शर्टच येतो.

शिलालेख, तोफा, हत्यारं पोरांच्या कलाने. चित्रांच्या दालनात आबालाल रहिमान यांचं काम आवर्जून बघा. जलरंग उजेडात उडतात, म्हणून अशी चित्रं मंद प्रकाशात ठेवतात. आजोबांना दिसत नसेल तर दिवा लावायला सांगू नका, दोन मिनिटं डोळे सरावू द्या.

बाहेर पडल्यावर ताकद उरली असेल तर रिक्षाने शुक्रवार पेठेतून ब्रह्मपुरीवर जा. आता तिथे घरं आहेत, फलक शोधत बसू नका. चढावर उभं राहून नदीकडे बघा आणि पोरांना विचारा, माणसांनी राहायला हीच जागा का निवडली असेल. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना गेलं की पुराचा इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. 2019 ला पाणी 55 फुटांवर गेलेलं त्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलंय. उत्तर ती तुमच्याआधी देतील.