खोकण्याची जागा

दुपारी जेवून आडवा झालो होतो. कानाशी मोबाइल, त्यावर एका मैफलीचं रेकॉर्डिंग: आधी मेंडेल्सोन या संगीतकाराचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकट्या व्हायोलिनची वाद्यवृंदासोबतची रचना, मग बेथोव्हनची सातवी सिंफनी. सिंफनीचा पहिला भाग दणक्यात संपला आणि अख्खं सभागृह खोकायला लागलं. इतका वेळ दाबून ठेवलेले, तऱ्हेतऱ्हेचे खोकले. टाळी मात्र एक नाही. चारही भाग संपल्याशिवाय टाळी वाजवायची नाही, असा तिकडचा शिष्टाचार. खोकला चालतो.

हे मला आजवर पचलेलं नाही.

मेंडेल्सोननं निदान कॉन्चेर्टोतली ही फट बुजवून टाकली. 1845 साली लाइपझिगला फर्डिनांड डेव्हिडनं तो पहिल्यांदा वाजवला. त्यात पहिला भाग संपतो, सगळे थांबतात, पण एक बासून, म्हणजे खर्जात वाजणारं फुंकवाद्य, आपला सूर सोडतच नाही. त्याच सुरावरून दुसरा भाग सुरू. मला तर तेवढ्यापुरता तंबोराच ऐकू येतो. शिवाय कॉन्चेर्टो सुरू होताच, तालाचं एक आवर्तन होतं न होतं तोच व्हायोलिन शिरतं. तेवढ्यात आपल्याकडे तबल्यावर हातोडीसुद्धा पडलेली नसते.

आमच्या आत्याला हे उभ्यानं वाजवणंच मंजूर नव्हतं. ती बडोद्यात सुरसागर तलावाच्या काठावरच्या म्युझिक कॉलेजात व्हायोलिन शिकलेली, सयाजीरावांच्या काळात 1886 साली मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेची परंपरा सांगणारी. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून वाजवायची. टीव्हीवर कुणी गोरा वादक दिसला की म्हणायची, "बिचाऱ्याला कुणी बस म्हणत नाही का रे?"

दाद हा प्रांत आजोबांचा. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात गणपतीत गाणं असायचं आणि ते तबलजीच्या समोरची जागा धरून बसायचे. तान कितीही तयारीची असो, हे गप्प. गायक आडवळणानं येऊन समेवर अलगद टेकला की मग एक 'हां'. बस, तेवढंच. शेजारचे गुजराती काका वाटेल तिथे 'वाह भाई वाह' करायचे. आजोबा मागे न बघता सांगायचे, "त्यांना चहा द्या रे कुणीतरी." काका चहा प्यायचे आणि पेल्यातूनच वाह म्हणायचे.

संगीत नाटकाला गेले की मात्र हेच आजोबा बेताल. एका पदाला तीन-तीन वन्स मोअर, आवाज फुटेपर्यंत.

तिकडेही हे होतं की! 8 डिसेंबर 1813 ला व्हिएन्नात, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात ही सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली. तिचा दुसरा भाग लोकांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला. चक्क वन्स मोअर. मग त्यांच्या नातवंडा-पतवंडांना कुणी दटावून गप्प बसवलं, कोण जाणे.

त्या दिवशी समोर उभा राहून वाद्यवृंद चालवत होता तो खुद्द बेथोव्हन. त्याचे कान तोवर बरेचसे गेलेले होते.

आजोबांचेही शेवटी गेले. तरी ते गणपतीत त्याच जागेवर बसायचे, तबलजीच्या हातांवर नजर ठेवून, आणि समेला 'हां' म्हणायचे. कधी चुकल्याचं आठवत नाही. आम्ही कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते त्यांनी फक्त बातम्यांपुरतं लावलं.