शिक्का होता, अळीही होती

न्हावा शेवा बंदराजवळच्या कंटेनर यार्डात मी वनस्पती संगरोधाचं काम करते. परदेशातून आलेली डाळ, बियाणं, फळं, ओंडके तपासायचे आणि त्यांच्यासोबत कीड-रोग देशात शिरू द्यायचे नाहीत. त्या दिवशी मात्र कस्टम्सने बोलावलं ते छपाईच्या यंत्रासाठी. यंत्राशी आमचं काही देणंघेणं नव्हतं. ते ज्या लाकडी पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटीवर, बसवलं होतं, त्याच्याशी होतं. कारण कीड अशा लाकडातूनही येते.

पॅलेटवर कीड मारण्याची प्रक्रिया झाल्याचा शिक्का स्पष्ट होता: गव्हाची ओंबी, देशाचा कोड, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि ‘एचटी’. म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला सलग 30 मिनिटं तापवलेलं. कागदपत्रंही चोख. क्लिअरिंग एजंट घाईत होता, कारण यंत्र चाकणला पोहोचायचं होतं आणि कंटेनरचं भाडं दिवसागणिक चढत होतं. त्याची अडचण खरीच होती.

तेवढ्यात माल उतरवणाऱ्या माथाडींपैकी एक देवगडकडचे काका खाली वाकले. “ह्यो भुसो बघा मॅडम. कलमाक भिरूड लागलो काय असोच पडता.”

पॅलेटच्या खालच्या अंगाला एका फळीवर हातभर लांब, चार बोटं रुंद साल तशीच राहिली होती आणि तिच्याखालून भरड भुसा सांडत होता. एवढी मोठी साल ठेवायला नियमात परवानगीच नाही. पटाशीने साल उचकटली तर आत लंबगोल बोगदा. तो उघडत गेले. टोकाला पांढुरकी, बिनपायांची, करंगळीएवढी अळी. उजेड पडताच ती वळवळली.

लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातली, एवढं तिथेच कळलं. आंब्याचं खोड पोखरणारं आपलं भिरूड त्याच कुळातलं. पण नेमकी जात नुसत्या अळीवरून सांगणं कठीण, म्हणून नमुना प्रयोगशाळेकडे पाठवला. निर्णयाला त्या नावाची गरज नव्हती. जिवंत कीड सापडली, एवढं पुरे.

एजंट म्हणाला, “मॅडम, आम्ही यंत्र मागवलंय, धान्य थोडंच?” मी त्याला न्यूयॉर्कचं सांगितलं. 1996 मध्ये तिथे याच कुळातला एक आशियाई भुंगा सापडला. तो बांधणीच्या लाकडातूनच आला असावा, असं मानतात. पुढे त्याला आवरण्यासाठी अमेरिकेत हजारो झाडं तोडावी लागली. त्याच्या आवडत्या झाडांत पॉपलर आणि विलो येतात. विलो म्हणजे काश्मीरमध्ये ज्याच्या बॅटी बनतात तेच लाकूड. आणि लांब कशाला जायचं? टोमॅटोची पानं पोखरणारी टुटा अळी आपल्याकडची नव्हेच. 2014 मध्ये ती पुण्याच्या बाजूला दिसली आणि आज टोमॅटोवाला शेतकरी तिच्यासाठी दर हंगामात फवारणीचा खर्च सोसतोय. त्याने कुठलाच कंटेनर मागवला नव्हता.

मग शिक्का असून अळी कशी? ती फळी बाकीच्यांपेक्षा ताजी होती, खिळेही वेगळे. माझ्या मते पॅलेट मुळात तापवलेलं होतं आणि दुरुस्ती करताना कोणीतरी कच्ची फळी ठोकून दिली. जुन्या शिक्क्याने तिलाही झाकून घेतलं. दुरुस्तीच्या लाकडालाही प्रक्रिया लागते, पण नेमकी हीच फट आम्हाला वरचेवर दिसते. म्हणून मी शिक्क्यापेक्षा फळ्यांचा रंग आणि खिळे आधी बघते.

मिथाइल ब्रोमाइड या कीड मारणाऱ्या गॅसची धुरी द्यायचं ठरलं: घनमीटरला 48 ग्रॅम, 24 तास. यंत्राभोवतीचं प्लॅस्टिक कापायला लावलं, नाहीतर गॅस लाकडापर्यंत पोहोचतच नाही. त्यावरून पुन्हा वाद झाला, पण मी हटले नाही. गॅसरोधक ताडपत्री टाकून कडेने वाळूच्या पिशव्या रचल्या. या गॅसला वास नसतो, त्यामुळे माणसांना लांब ठेवणं आणि गॅस मोजणाऱ्या उपकरणाने गळती तपासत राहणं, यात रात्र गेली.

दुसऱ्या दिवशी हवा मोकळी करून, गॅस उरला नाही याची खात्री झाल्यावर फळी चिरली. आत आणखी दोन अळ्या होत्या, दोन्ही मेलेल्या. यंत्र चाकणला गेलं. नियमभंगाचा अहवाल, फळीच्या फोटोंसह आणि शिक्क्यावरच्या क्रमांकासह, निर्यातदार देशाला कळवण्यासाठी वर पाठवला. त्या क्रमांकाचं पॅलेट आता आलं की कागद बघायच्या आधी आम्ही ते उलटं करून बघतो.