सेबूत स्वस्तात पोटभर: पुसो, उतान आणि सुकी मासळी

फिलिपिन्समधल्या सेबूबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात व्हेल शार्क, धबधबे आणि मॅक्टन बेटावरचे रिसॉर्ट असतात. जेवणाचा विषय निघाला की दोनच वाक्यं: ‘सगळीकडे डुकराचं मांस’ आणि ‘शेवटी सेव्हन-इलेव्हनमधले कप नूडल्स खाल्ले’. पहिलं निम्मं खरं आहे. दुसऱ्याचा मला राग येतो. ज्या शहरात शेवग्याचा पाला, मायाळू, दोडका, कारलं, ओला नारळ आणि फडफडीत मासळी रस्त्याच्या कडेला मिळते, तिथे कोकण-गोव्याकडच्या माणसाने गरम पाणी ओतून नूडल्स खाव्यात? समुद्रकिनाऱ्यांबद्दल इतरत्र वाचा, इथे फक्त पोटाचं बोलू.

आधी सुट्टे पैसे, कारण सगळी गाडी तिथेच अडते. एक पेसो म्हणजे साधारण दीड रुपया. एटीएममधून हजाराच्या नोटा निघतात आणि भाजीवाली ती नोट बघून मान हलवते. हजाराची नोट सुपरमार्केटात मोडा आणि वीस, पन्नास, शंभरच्या घेऊनच बाजारात शिरा. नाण्यांत एक खोच आहे. पाच पेसोचं रुपेरी गोल नाणं एकच्या नाण्यासारखं दिसायचं. लोक इतके वैतागले की २०१९मध्ये ते नऊ कोनांचं करावं लागलं. जुनी गोल नाणी अजून हातात येतात, तेव्हा आकडा वाचूनच द्या.

कार्बन बाजार हा सेबूचा जुना, मोठा आणि सगळ्यात स्वस्त बाजार. मॅजेलनचा क्रूस आणि सांतो निन्योचं चर्च बघायला सगळे जातातच, तिथून तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ‘कार्बन’ लिहिलेल्या जीपनी, म्हणजे शेअर जीपा, शहरभर फिरतात. सध्या बाजाराची पुनर्बांधणी चालू असल्याने गाळे हलतात. नकाशावर विसंबू नका, लोकांच्या हातातल्या पिशव्या कुठून येताहेत ते बघा. पहाटे ते सकाळी आठ ही वेळ उत्तम. दुपारी पालेभाजी माना टाकते आणि वास वाढतो. पावसात चिखल असतो, सँडल घालून जाल तर पायाची बोटं माखतील.

भाजी दोन प्रकारे विकतात, किलोवर आणि वाट्यावर. एकट्यादुकट्याने वाटाच घ्यावा. त्यातही खरी सोय म्हणजे ‘उतान’ची, म्हणजे मिसळीच्या पातळ भाजीची, तयार पिशवी. चिरलेला लाल भोपळा, वांगं, भेंडी, चवळीच्या शेंगा, मायाळू, शेवग्याचा पाला आणि वर गवती चहाची जुडी, असं सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेलं असतं. साधारण वीस-तीस पेसोंत दोन माणसांचं होतं. भोपळा आधी शिजवायचा, मग शेंगा, वांगं आणि भेंडी, मायाळू शेवटी, आणि शेवग्याचा पाला गॅस बंद करताना. पाला आधी घातला तर काळा पडून कडवटतो. गवती चहाची गाठ मारून पहिल्यापासून पाण्यात टाकायची आणि वाढताना काढायची. फोडणी नाही, हळद नाही. पहिल्या घोटाला हे पथ्याचं वाटतं, पण वरून लिमोन्सितो पिळलं आणि एक तिखट कुलिकोत मिरची चेचून घातली की जमतं. लिमोन्सितो म्हणजे मनिलावाले ज्याला कालामान्सी म्हणतात ते बोराएवढं लिंबू. ते आडवं कापा, देठाकडून कापलं तर सगळ्या बिया ताटात पडतात.

मागताना सेबुआनो नावं वापरली तर काम पटकन होतं. कमुंगाय म्हणजे शेवग्याचा पाला, अलुगबाती म्हणजे मायाळू, सिक्वा म्हणजे दोडका, पालिया म्हणजे कारलं, बातोंग म्हणजे चवळीच्या लांब शेंगा. इबा म्हणजे आपली बिंबली. कोकणातल्यांनी ती दिसताच घ्यावी, आमटी-सारात आंबटपणाला ती उत्तम. कांद्याला बोंबाय म्हणतात, आणि भावाच्या बाबतीत तो इथेही तसाच लहरी आहे: २०२२च्या अखेरीस फिलिपिन्समध्ये कांदा किलोला ७०० पेसोंवर गेला होता. लासलगावच्या बातम्या वाचून वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. ‘तागपिला?’ म्हणजे कसं दिलं, आणि घासाघीस करायची असेल तर हसत ‘हांग्यो’ म्हणायचं. वाट्यावर घासाघीस करू नका, पाच पेसोंसाठी ते शोभत नाही. किलोभर घेताना करा. वजनाची शंका आली तर बाजारात ‘तिंबांगान नांग बायान’ शोधा. गिऱ्हाइकाला फुकट फेरवजन करता यावं म्हणून बाजारांत असा सरकारी काटा ठेवण्याचा २०२२चा कायदाच आहे. पिशवी घेऊन तिकडे वळलात तरी अर्धं काम होतं.

नारळ फोडून यंत्रावर तिथल्या तिथे खवून देतात. ‘किनागोद’ मागायचा. पण कवड डोळ्यांसमोर यंत्राला लावायला सांगा, आधीच खवून ठेवलेला ढीग सकाळी दहानंतर आंबूस होतो. रस काढायचा तर कोमट पाणी घाला आणि तासाभरात वापरा, तिथल्या दमट हवेत तो टिकत नाही.

तांदूळ उघड्या पेट्यांत असतो, वर भावाची पाटी. नावांची यादी मोठी आहे, पण रोजच्या भाताला सिनान्दोमेंग पुरे. ‘लाओन’ म्हणजे जुना तांदूळ, तो भातात जास्त वाढतो. नवा चिकट होतो. शेजारच्या पेटीत पांढऱ्या मक्याच्या कण्या दिसतील. सेबूच्या डोंगराळ भागाचं हे मूळ अन्न, भातासारख्याच शिजवतात. मे २०२५मध्ये सरकारने २० पेसो किलोचा तांदूळ विकायला सुरुवात केली ती सेबूतूनच, पण तो गरजू कुटुंबांसाठी आहे. ती रांग आपली नाही.

आता शिजवायचंच नसेल तर पुसो. नारळाच्या कोवळ्या पात्यांची विणलेली मुठीएवढी पिशवी, त्यात निम्म्याहून कमी तांदूळ, आणि ती पाण्यात उकळलेली. भात फुगतो, पातीला दाबून बसतो आणि घट्ट वडी होते. एकाची किंमत आठ-दहा पेसोंच्या आसपास, भूक असेल तर तीन लागतात. विक्रेती सुरीने उभा चिरून देते, पाती बाजूला सारून हाताने खायचं. काटा-चमचा नाही, हे मला फार आवडतं. निवडताना हात लावून बघा: ताजा पुसो जड, ओलसर आणि अजून कोमट असतो. पाती कोरडी पडलेली आणि चिरेतून चिकट पाणी येत असेल तर तो कालचा. संध्याकाळी उरलेल्या झुबक्यातला घेऊन सकाळी खायचा विचार करू नका, वास येतो.

पुसोबरोबर काय, याची दोन उत्तरं. पहिलं पुंको-पुंको: बुटक्या बाकांवर बसायचं, समोर डब्यांत तळणाचे ढीग. ताटलीला प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली असते आणि हातालाही पिशवीच घालायची, म्हणजे धुणं नको. (कचऱ्याचं काय, हे विचारू नये.) हवं ते उचलायचं आणि शेवटी काय काय खाल्लं ते आपणच सांगून पैसे द्यायचे. ङोहियोंग हा पाच मसाल्यांच्या वासाचा कुरकुरीत रोल घ्या. गिनाबोत म्हणजे डुकराच्या आतड्याकडची चरबी कडकडीत तळलेली. खाणाऱ्याने गरम असतानाच खावी, गार झाली की मेणचट होते. सगळं तिखट व्हिनेगरात बुडवायचं, पण ते सगळ्यांचं एकच असतं. चावलेला तुकडा पुन्हा त्यात बुडवायचा नाही, स्वतःच्या वाटीत ओतून घ्यायचं.

दुसरं उत्तर कारिन्देरिया, म्हणजे आपली खानावळ. ओळीने झाकलेली पातेली ठेवलेली असतात. झाकणं उचलून बघायला काही हरकत नसते, बघायचं आणि बोट दाखवायचं. ‘हाफ’ मागितलं तर अर्धी वाटी मिळते, म्हणजे दोन पदार्थ चाखता येतात. पुष्कळ ठिकाणी पातळ सूप फुकट देतात, मागावं लागतं. अकराच्या सुमारास जा. दीड वाजता भाजी संपलेली असते आणि उरलेलं सकाळपासून तसंच गार पडलेलं असतं, कारण पातेली पुन्हा गरम करण्याची पद्धत फारशी नाही.

शाकाहारी मंडळींसाठी इथे थोडं कडू बोलायला हवं. उतानचं पातेलं हिरवंगार दिसतं म्हणून वाढून घेऊ नका. त्यात बऱ्याचदा सुक्या मासळीचा तुकडा असतो. वांग्याच्या, भोपळ्याच्या भाजीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे ‘चवीपुरते’ असतात, आणि चवीपुरतं असलं की स्वयंपाकीण त्याला मांस धरतच नाही. म्हणून ‘मांस आहे का’ असं विचारून भागत नाही, प्रत्येक गोष्टीचं नाव घेऊन विचारावं लागतं: वालाय कार्ने, वालाय इस्दा, वालाय गिनामोस, म्हणजे मांसाशिवाय, माशाशिवाय, खारवलेल्या मासळीच्या लगद्याशिवाय. एवढं करूनही एक गोष्ट राहते, ती म्हणजे मॅजिक सारापची पुडी. हा दाणेदार मसाला लसूण, कांदा आणि चक्क कोंबडीचा आहे, आणि बहुतेक पातेल्यांत पडतो. शुक्रवारी मुगाचं पातेलं ठरलेलं, कॅथलिक लोकांच्या मांसवर्ज्य वाराची ती सवय. आख्खे हिरवे मूग, लसूण, टोमॅटो, शेवग्याचा पाला. वर्णन ऐकून मराठी माणूस धावत जातो. पण वार मांसवर्ज्य आहे, मासळीवर्ज्य नाही. त्यात सुकट असू शकते. कडक शाकाहारी असाल तर खोलीला शेगडी बघूनच बुकिंग करा आणि बाजारातून अख्खे मूग आणा, ते कुठेही मिळतात. तूरडाळ, जिरं, मोहरी कार्बनमध्ये शोधत बसू नका. मेडिकलच्या शिक्षणाला इथे भारतीय मुलं मोठ्या संख्येने आहेत, त्यांना विचारा. भारतीय किराणा कुठे आहे आणि कुठे महाग आहे हे त्यांना तोंडपाठ असतं.

गल्लीतल्या सारी-सारी दुकानात जाळीआडून व्यवहार चालतो. ‘आयो!’ अशी हाक मारायची, कोणीतरी आतून येतं. दहा पेसोचं तेल पिशवीत बांधलेलं, चमचाभर सोया सॉस, चार पाकळ्या लसूण, एक अंडं. दोन दिवसांच्या मुक्कामाला हे वरदान आहे, कारण लिटरभर तेल घेऊन उरलेलं करायचं काय? पण आठवडाभर राहणार असाल तर लिटरच्या हिशेबाने हे तेल सुपरमार्केटच्या बाटलीहून महाग पडतं. दारात, थोडंसं आणि कधीकधी उधारीवरही मिळतं, त्याचीच ती किंमत. मीठ, व्हिनेगर, साबण बाहेरून आणा. अंडी, लसूण, पाव गल्लीतून.

केळ्यांत लाकातान महाग आणि टिकाऊ, तुंदान स्वस्त पण दोन दिवसांत काळी पडते. साबा कच्ची खाऊ नका, ती उकडायची किंवा तळायची. सकाळी बेकरीतला पान्देसाल गरम असतानाच घ्या. मांदावेचा मासारेआल हा शेंगदाणा कूट आणि साखरेचा पांढऱ्या कागदातला तुकडा, प्रवासात उत्तम. आंब्याबद्दल मी हापूसवाली आहे, त्यामुळे माझं मत विचारू नये. इथल्या आंब्याला रेषाच नसतात, एवढं मान्य करते.

शेवटी ताबोआन, सुक्या मासळीचा बाजार. सुका बोंबील, सुकट, खारा बांगडा यांच्यावर वाढलेल्या माणसाला मॉलमधल्या स्मरणवस्तूंपेक्षा इथे जास्त मजा आहे. वास कपड्यांत बसतो, म्हणून जुने कपडे घाला आणि विमान पकडायच्या दिवशी जाऊ नका. मुख्य माल दांग्गित: उभा चिरून फुलपाखरासारखा उघडलेला छोटा मासा. बराचसा बांतायान बेटावरून येतो. खारा आणि बिनमिठाचा असे दोन प्रकार. नवख्याने बिनमिठाचाच घ्यावा. चांगला दांग्गित उजेडात धरला तर किंचित पारदर्शक दिसतो आणि वाकवला तर कटकन मोडतो. वाकून तसाच राहिला तर दमट आहे, चार दिवसांत बुरशी धरेल. कडेला पिवळे-तांबूस डाग म्हणजे तेल खवट झालंय, भाव कितीही उतरवला तरी सोडा. लहान मासा जास्त कुरकुरीत होतो. किलोचा भाव ऐकून बिचकू नका, पाव किलोत टोपलीभर येतो. दांग्गित परवडत नसेल तर तबागाक घ्या, तो स्वस्त आणि चवीला आपल्या सुक्या मासळीच्या जास्त जवळ. नोकुस म्हणजे सुकं माकूल, ते चिवट असतं, दात बळकट हवेत.

तळताना तेल मध्यम तापवा. एका बाजूला दहा-पंधरा सेकंद, उलटून तेवढेच, आणि सोनेरी रंग येण्याच्या आधी बाहेर. काढल्यावरही तो तांबूस होत राहतो. धूर निघणाऱ्या तेलात टाकला तर क्षणात करपून कडू. खारा असेल तर दोन-तीन मिनिटं पाण्यात भिजवून पूर्ण कोरडा करा, नाहीतर तेल अंगावर उडेल. बरोबर लसणीचा भात आणि ताडीच्या व्हिनेगरात चेचलेला लसूण-कुलिकोत.

सामान बांधताना दुकानदाराला दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वरून चिकटपट्टीचं खोकं सांगा, ते न मागताही बहुतेक देतात. आणि भाड्याच्या कॉन्डोत राहत असाल तर तळण्याआधी भिंतीवरची नियमावली वाचा. कित्येक ठिकाणी ‘सुकी मासळी तळू नये’ हा कलम स्वतंत्र असतो, सिगारेटच्या खाली.