आईच्या मेडिकेअरच्या कागदावर आलेला अनोळखी डॉक्टर: माझा अनुभव

आई आमच्याकडे न्यू जर्सीला ग्रीन कार्डवर असते. पासष्टीच्या पुढच्यांना इथे सलग पाच वर्षं झाली की प्रीमियम भरून मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, घेता येतं, तसं तिचं घेतलंय. मेडिकेअरचं अधूनमधून एक स्टेटमेंट येतं, त्यावर ठळक छापलेलं असतं की हे बिल नाही, म्हणून बहुतेक घरांत ते सरळ रद्दीत जातं. आमच्याकडे आई वाचते, तिला दूधवाल्याचा हिशोबसुद्धा दोनदा बघायची सवय. तर एक दिवस म्हणाली, "अरे हा डॉक्टर कोण? मी कधी गेले याच्याकडे?" डॉक्टर भलत्याच राज्यातला, आणि कॅन्सरच्या जेनेटिक टेस्टचे सात हजार डॉलरच्या वर लावलेले.

मग उलगडा झाला. ज्येष्ठांच्या एका कार्यक्रमात टेबल मांडून एक मुलगी बसलेली, "फ्री आहे आंटी" म्हणत तिने आईच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली आणि मेडिकेअर कार्डाचा फोटो काढला. रिपोर्ट काही आला नाही.

आधी एक-आठशे-मेडिकेअर या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी तक्रार घेतली. पण खरी मदत झाली सीनियर मेडिकेअर पेट्रोलची, म्हणजे मेडिकेअरमधली फसवणूक ओळखायला आणि कळवायला ज्येष्ठांना मदत करणाऱ्या कार्यक्रमाची, हे प्रत्येक राज्यात असतं आणि फुकट असतं, आपल्या लोकांना माहितीच नाही. तिथल्या बाईंनी स्टेटमेंटची कॉपी मागवली, आईचा मेडिकेअर नंबर बदलून घ्यायला सांगितलं आणि प्रकरण आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलच्या ऑफिसकडे, म्हणजे ओआयजीकडे पाठवलं.

पुढे बरेच महिने काहीच नाही. मग "मी फेडरल एजंट बोलतोय" असा फोन आला आणि मी अर्थातच कट केला, असे फोन रोजच येतात. नंतर ओआयजीच्या ऑफिसचा नंबर स्वतः शोधून फोन लावला तर माणूस खरा निघाला. दोघं जण घरी आले, चहा नको म्हणाले, आईचा विरस झाला. मी भाषांतर करतो म्हटलं तर नको, घरच्याने करायचं नाही, त्यांनी फोनवर मराठी दुभाषी घेतला.

त्यांनी त्या डॉक्टरने सही केलेली टेस्टची ऑर्डर दाखवली. त्यात लिहिलं होतं की पेशंटशी बोललो आणि पेशंटची आई ब्रेस्ट कॅन्सरने गेली. हे ऐकल्यावर आई जी भडकली! "माझी आई नव्वदीच्या पुढे गेली, शेवटपर्यंत स्वतःची भाकरी स्वतः थापत होती, कसला कॅन्सर?" दुभाषी बिचारा थांबत थांबत सांगत होता आणि एजंट लिहून घेत होता. मला वाटतं सगळ्या मुलाखतीत त्यांच्या कामाचं वाक्य तेच होतं.

कारण या धंद्यात डॉक्टरची सही हीच किल्ली असते. कापूस फिरवणारी मुलगी, लॅब, मधली टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून डॉक्टर पुरवणारी) कंपनी, सगळे असले तरी सहीशिवाय मेडिकेअर एक डॉलर देत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये याच पद्धतीच्या केसेसमध्ये ३५ जणांवर आरोप ठेवले गेले, लावलेली बिलं २१० कोटी डॉलरच्या वर. आमची केस त्यातली नव्हे, पण साचा तोच. हेल्थ केअर फ्रॉडला एका गुन्ह्यामागे दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पेशंटला गंभीर इजा झाली तर वीस. मी तेव्हा डेट्रॉइटजवळच्या फरीद फाता या कॅन्सरच्या डॉक्टरबद्दल वाचलं, त्याने गरज नसलेल्यांना केमो दिला, ५५३ पेशंट, २०१५ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा. त्यामानाने आमच्याकडे फक्त कागद रंगवले म्हणायचे, पण डोकं फिरतंच.

डॉक्टरने शेवटी गुन्हा कबूल केला, त्यामुळे आईला साक्षीला जावं लागलं नाही. ती जरा हिरमुसली, साडीसुद्धा ठरवून ठेवली होती. न्याय खात्याकडून आयडी आणि पिन असलेलं पत्र आलं, त्यावर लॉगिन करून केसच्या तारखा बघता येतात. डॉक्टरच्या वकिलाचं म्हणणं काय, तर कंपनीने फाइली पाठवल्या आणि यांनी नुसत्या सह्या केल्या. अरे पण नुसत्या सहीचेच तर पैसे घेतले ना!

सगळ्यात चिवट काम मात्र कोर्टाबाहेरचं निघालं, ती खोटी फॅमिली हिस्टरी. उद्या कुठल्या डॉक्टरने ती खरी धरली तर? रेकॉर्डमध्ये दुरुस्ती मागायचा हक्क कायद्याने आहे, पण लॅबला लेखी पाठवा, मग आठवण करा, परत तेच. आमच्या फॅमिली डॉक्टरने मात्र लगेच आईच्या फाइलमध्ये नोंद करून टाकली.

आता ओळखीचे लोक भेटले की पहिला प्रश्न, "मग किती मिळाले?" काही नाही हो. भरपाई मेडिकेअरला जाते, कारण पैसे त्यांचे गेले होते. आईला नवीन कार्ड मिळालं, ते ती आता कुणाला हातात देत नाही, मलासुद्धा.