अपील केलं असतंस तर आउट दिला असता

न्यू जर्सीत राहतो, दिवसभर सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि स्प्रिंगमध्ये संध्याकाळी हायस्कूल बेसबॉलचं अंपायरिंग, वीकेंडला लिटल लीगची लहान पोरं. मुलगा खेळायला लागला, लीगला अंपायर मिळत नव्हते, कोणीतरी विचारलं आणि मी यात पडलो तो पडलोच. आता मुलगा कॉलेजला गेला तरी मी अजून मैदानावर आहे. हे लिहितोय ते मे महिन्यातल्या एका व्हर्सिटी (शाळेच्या मुख्य टीमच्या) मॅचबद्दल, जी डोक्यातून जातच नाहीये.

टीव्हीवर मोठ्या लीगमध्ये चार अंपायर दिसतात, आमच्याकडे रोजच्या हायस्कूल मॅचला दोनच. एक होम प्लेटमागे (बॅटर उभा राहतो ती जागा, फेरी मारून रनरचा पाय तिथे लागला की रन), एक बेसवर. दोघांनी चार बेस सांभाळायचे म्हणजे कोणी कधी काय बघायचं हे मॅचआधी पार्किंगमध्येच बोलून घ्यावं लागतं. रनर दुसऱ्या बेसवर असताना बॉल आउटफिल्डला गेला तर बॅटरचा पहिल्या बेसला पाय लागला का हे बेस अंपायर बघणार, दुसऱ्यावरून निघालेल्या रनरचा तिसऱ्याला आणि होमला पाय लागला का हे प्लेट अंपायर. नवीन अंपायरची नजर कायम बॉलच्या मागे धावते, ती तिथून काढून रनरच्या बुटांवर आणायलाच कित्येक महिने जातात. लोकांना वाटतं आमचं काम बॉल आणि स्ट्राइक मोजायचं, म्हणजे पिचरने टाकलेला बॉल बॅटरच्या टप्प्यात होता की नाही ते सांगायचं. त्यातच खरं तर सगळ्यात जास्त शिव्या बसतात, पण अंपायर कसा आहे ते या पायांवरून कळतं, आणि तिकडे कोणाचंच लक्ष नसतं.

तर सातवी इनिंग, हायस्कूलला शेवटची. स्कोअर 4-4, दोन आउट, होम टीमचा रनर दुसऱ्या बेसवर. पाहुण्या टीमचा कोच पहिल्या इनिंगपासून माझ्या स्ट्राइक झोनवर (त्या टप्प्याच्या हद्दीवर) बोलत होता, आउटसाइडच्या बॉलला स्ट्राइक देत नाही म्हणून. स्टँडमधून पालकांचं चालूच, "ब्लू, दोन्हीकडे सारखंच दे!" (ब्लू म्हणजे अंपायर.) (याच राज्यात डेप्टफर्डच्या लिटल लीगने 2023 मध्ये नियम केला की अंपायरला शिवीगाळ करणाऱ्या पालकाने आधी तीन मॅच स्वतः अंपायरिंग करायचं, नाहीतर वर्षभर मैदानावर यायचं नाही. माझं मत विचाराल तर हा नियम प्रत्येक गावात हवा.)

बॅटर यायच्या आधी मी प्लेट झाडून घेतली. ती झाडतानाही रीत आहे, प्लेटच्या पुढे येऊन पाठ मैदानाकडे करायची, प्रेक्षकांकडे पाठ करून वाकायचं नाही. 17 इंचांचं पांढरं रबर, एकदम स्वच्छ. हे मुद्दाम सांगतोय.

राइट फील्डला सिंगल. रनर दुसऱ्यावरून सुटला. मी मास्क काढून तिसऱ्या बेसच्या लाइनच्या बाजूला सरकलो, तिसऱ्याला त्याचा पाय नीट लागला, बघितलं. राइट फील्डरचा थ्रो पहिल्या बेसच्या बाजूला भरकटला, कॅचर (आपला विकेटकीपर म्हणा) तो घ्यायला प्लेट सोडून तीन-चार पावलं गेला. इकडे रनरला समजलं की आपल्याला कोणी अडवत नाही, त्याने मान वळवून बॅटरकडे बघितलं, दोन्ही हात वर केले आणि उडी मारली. एक पाय प्लेटच्या अलीकडे मातीत, दुसरा पडला तो प्लेटच्या पलीकडे, वीतभर लांब. तिथे मातीत त्याच्या स्पाइकचे ठसे उठले. प्लेटवर काहीही नाही, झाडली होती तशीच पांढरी. मी सात-आठ फुटांवर होतो, मध्ये कोणी नव्हतं.

टॅग करायचा, म्हणजे रनरला बॉल लावून आउट करायचा प्रयत्नच झाला नाही, त्यामुळे मला सेफची खूण करायची गरज नव्हती. ती मी केली नाही. आउटचीही केली नाही, कारण बेस चुकलेल्या रनरला अंपायर स्वतःहून आउट देऊ शकत नाही, समोरच्या टीमने अपील करावं लागतं. हायस्कूलच्या नियमात ते सोपं आहे. बॉल हातात घेऊन प्लेटवर पाय ठेवायचा आणि सांगायचं की हा चुकला. नाहीतर टाइम मागून बॉल डेड झाल्यावर कोचने नुसतं तोंडी सांगितलं तरी चालतं. मॅच संपवणारा प्ले असेल तर एकतरी अंपायर मैदानावर आहे तोवर ही मुदत. तिसरा आउट मिळाला असता तर तो रन धरलाच गेला नसता, मॅच आठव्या इनिंगमध्ये गेली असती.

होम टीमची सगळी पोरं पहिल्या बेसकडे पळाली, बॅटरच्या अंगावर. प्लेटजवळ उरलो मी आणि कॅचर. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, बॉल त्याच्या मिटमध्ये (ग्लोव्हमध्ये). त्याने वळताना उडीचा शेवट बघितला असणार, कारण तो सरळ प्लेटकडे आला, खाली बघितलं, मागच्या ठशांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "सर, त्याचा पाय लागला का?"

मी बोललो नाही. हो म्हणणं खोटं, आणि नाही म्हणणं म्हणजे त्याच्या टीमच्या बाजूने खेळणं. प्लेट त्याच्यापासून एका पावलावर होती. मी मास्क हातात धरून तिथेच उभा राहिलो, नेहमी मॅच संपली की आम्ही ताबडतोब निघतो, पण मी निघालो नाही. त्याने डगआउटकडे बघितलं. जो कोच सात इनिंग माझ्याशी भांडत होता तो पाठ फिरवून स्कोअरबुक बॅगेत भरत होता. मग कोणीतरी हँडशेकसाठी हाक मारली, पोरगं गेलं. माझा पार्टनर मैदानाच्या कडेला थांबून मला चल-चल करत होता, मी थोडा वेळ आणखी थांबलो आणि मग निघालो. रन धरला गेला, 5-4.

गाडीच्या डिकीशी शिन गार्ड काढताना पार्टनरला सांगितलं. तो रिटायर्ड पीटी टीचर, अंपायरिंगमध्ये माझ्या दुप्पट मुरलेला. म्हणाला, "बोलला नाहीस ते बरोबर केलंस, पण तिथे उभा राहिलास तेच चूक. तू उभा आहेस म्हणजे काहीतरी राहिलंय हे शहाण्या कोचला लगेच कळतं." मला हे पटत नाही. नियमात मुदत अंपायर मैदानावर असेपर्यंत दिलीय, मग ती मुदत माझ्या पळण्याने दहा सेकंदांवर आणायची हीसुद्धा एका टीमला मदतच झाली की. त्यानेच सांगितलं की त्याच्या सुरुवातीच्या काळात हायस्कूलच्या नियमात अपील लागत नव्हतं, बेस चुकला की अंपायरच आउट द्यायचा. म्हणजे हाच प्ले तेव्हा झाला असता तर मी हात वर करून मोकळा झालो असतो.

क्रिकेटवर वाढल्यामुळे अपीलचं तत्त्व मला नवीन नाही. आपल्याकडेही नियम 31 आहेच, अपीलशिवाय आउट नाही, आणि तेसुद्धा पुढच्या बॉलचा रनअप सुरू व्हायच्या आत. पण तिथे बॅट्समनने रन घेताना बॅट क्रीझच्या आत टेकवली नाही तर शॉर्ट रन अंपायर स्वतःहून कापतो, कोणी विचारायची वाट बघत नाही. होम प्लेट चुकणं मला या शॉर्ट रनसारखं वाटतं, रन पुराच झाला नाही. आणि दुसरं, जे जास्त टोचतंय, "हाऊज दॅट" हा प्रश्नच आहे ना? क्रिकेटमध्ये प्रश्न विचारला की अपील झालं. या पोराने प्रश्न विचारला, बॉल हातात होता, आणि मी ते अपील धरलं नाही.

1908 ची गोष्ट बेसबॉलवाल्यांना पाठ असते. 23 सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्सचा 19 वर्षांचा फ्रेड मर्कल, पहिल्या बेसवरचा रनर, विजयी रन आल्यावर दुसऱ्या बेसला न लागताच क्लबहाऊसकडे वळला. समोरच्या शिकागो कब्स टीमच्या जॉनी एव्हर्सने बॉल मागवून बेसवर पाय ठेवला आणि अंपायर हँक ओ'डेने आउट दिला. मर्कलला ते आयुष्यभर चिकटलं. पण एव्हर्सने हाच मुद्दा त्याच महिन्यात पिट्सबर्गला याच ओ'डेपुढे मांडला होता आणि तेव्हा तो फेटाळला गेला होता, म्हणून दुसऱ्यांदा तो तयारीत होता. एव्हर्स मुरलेला खेळाडू. शाळेतल्या पोराकडून ती तयारी त्याच्या कोचने करून घ्यायची असते, आणि आमच्याकडचे बरेच कोच हे शिकवतच नाहीत, बंट (बॉल हलकेच टेकवणं) आणि बेस चोरायच्या खुणा मात्र पन्नास.

अंपायर संघटनेच्या पुढच्या मीटिंगला मी हे मांडलं, शाळा न सांगता. नियम समजावणारे आमचे गृहस्थ म्हणाले प्रश्न म्हणजे अपील नाही, विषय संपला. मागच्या रांगेतून दोघं म्हणाले की अशा वेळी "तू अपील करतोयस का?" एवढं विचारायला हरकत नाही, ते नेहमी विचारतात. तिसरा म्हणाला मग तू त्यांचा कोच झालास. म्हणजे तोच प्ले, तोच प्रश्न, आणि त्या दिवशी प्लेटमागे कोण उभा आहे त्यावर मॅचचा निकाल. हे मला चालत नाही. बारा वर्षांच्या पोराने विचारलं तर मी उलट विचारीन असं मी तिथे सांगून टाकलं, व्हर्सिटीला काय करायचं ते मात्र सगळ्यांचं एक हवं, म्हणून संघटनेला ईमेल केलाय आणि उत्तर लेखी मागितलंय.