भरलेला किडा

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला नेरीस लागतो, म्हणजे समुद्रकाठचा वळ्यावळ्यांचा किडा. बाटलीतला पांढरा पडलेला किडा मुलांना दाखवणं मला पटत नाही, म्हणून प्रयोगशाळा सहायक झाल्यापासून मी अमावास्येच्या उधाणात पहाटे वर्सोव्याला जाते. सहा-सातला पाणी पार खाली गेलेलं असतं. तिथे एक कोळी काका गळाला लावायला किडे खणतात, मुरदुशीसाठी. किडे ओळखायला मी त्यांच्याकडूनच शिकले.

शिंपल्यांचे तुकडे चिकटवलेली नळी वाळूतून बोटभर वर आलेली दिसली की ती डायोपॅट्रा. ओढली तर नुसती नळी हातात येते, किडा खाली पळतो. काका वीतभर लांब खुरपं घालून खालून अख्खं ढेकूळ उचलतात. टोकदार डोक्याचा गुलाबी ग्लायसेरा मात्र ते बोटाने धरत नाहीत. तो सोंड बाहेर फेकतो, तिच्या टोकाला चार नख्या असतात आणि चावला की मधमाशीसारखी आग होते. उलटलेला दगड होता तसा परत ठेवायचा, हे ते दर वेळी बजावतात. उघडं राहिलं की खालचे जीव उन्हाने मरतात.

त्या दिवशी डबक्यात एक किडा पोहत होता. पुढून नेरीस, पण मागचा अर्धा भाग रुंद, चपटा, जणू दुसऱ्याच प्राण्याचा. मी म्हटलं, "काका, ही नवीन जात दिसते."

"नवीन कसली, बाय? तोच हाय. भरलाय. गळाला लावलास तर फुटल." त्यांनी तो पाण्यात सोडला. तसलाच दुसरा मी मागून घेतला.

भिंगाखाली डोळे नेहमीपेक्षा मोठे, मागच्या पायांवर वल्ह्यांसारखे केस, घशात नेरीसचेच दोन जबडे. पोट अंड्यांनी गच्च. प्रजननाच्या वेळी नेरीस असं रूप पालटून पाण्यात वर येतो, अंडी किंवा शुक्राणू सोडतो आणि मरतो. १९व्या शतकात अभ्यासकांनी याला वेगळा प्राणी समजून हेटेरोनेरीस असं नाव दिलं होतं.

मी कपाट उघडलं. आठ वर्षांपूर्वी असाच एक किडा बाटलीत घालून मीच चिठ्ठीवर वेगळं नाव लिहिलं होतं. तो पाहून किती मुलांनी आकृत्या काढल्या असतील! चिठ्ठी खरवडून नवी लावली.

पुढच्या अमावास्येला ती बाटली वर्सोव्याला नेली. काकांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"अंडी सोडायला निघाली व्हती," ते म्हणाले.