शिट्टी एकच, पोरं तीन

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिहून दे असा मेसेज आला आणि खरं सांगतो, आठवले ते फक्त सायन्सचे सर, बाकीच्यांनी राग मानू नये. नाव लिहीत नाही, आपल्या बॅचला सांगायची गरज नाही आणि सरांना छापून आलेलं आवडायचंही नाही.

नववीत प्रकाशाचा धडा चालू होता, लाईट गेली, सरांनी सगळा वर्ग ग्राउंडवर काढला. तिघांना गेटपाशी उभं केलं, शिट्टी एकच, ती वाजली की तिघांनी एकदम निघायचं, एकाने सरळ सरांकडे पळत यायचं, दुसऱ्याने कडुलिंबाला हात लावून, तिसऱ्याने पार पाण्याच्या टाकीला शिवून. टाकीवाला मी. धापा टाकत पोचलो तर सर घड्याळ बघत म्हणाले, "हा किती उशिरा आला त्यावरून टाकी कुठंय ते काढा." आम्ही हसलो, टाकी तर समोर दिसतेय की!

मग कितीतरी वर्षांनी, 9 ऑक्टोबर 2022 ला अवकाशात गॅमा किरणांचा (एक्स-रेपेक्षाही जोरदार किरण) एक स्फोट दिसला, आजवर नोंदलेला सगळ्यात तेजस्वी, साधारण दोन अब्ज प्रकाशवर्षं लांबचा. त्याचे काही एक्स-रे आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीवर जरासे वळले आणि वाकड्या वाटेने मागाहून पोचले, त्यामुळे एक्सएमएम-न्यूटन या अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीच्या फोटोत एकात एक अशी 20 कडी! धूळ जवळची असेल तर कडं मोठं, लांबची असेल तर लहान, आणि दिवस जातील तशी सगळीच फुगत जातात. कोन आणि उशीर, एवढ्यावरून धुळीचं अंतर निघतं, कुठे हजार प्रकाशवर्षं तर कुठे थेट 61,000. ही आयडिया शास्त्रज्ञांनी 1973 मध्येच मांडली होती, सरांनी ती वाचली होती की स्वतःच सुचली देव जाणे. मी ऑफिसात तो फोटो बघून "टाकी!" असं ओरडलो, शेजारचे बघत राहिले.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, टीम मोठी आहे, बरं चाललंय. मुलीला कॉलेज रोडला मिसळ खायला नेलं तेव्हा शाळेत डोकावलो, कडुलिंब गेलाय, ग्राउंडवर पेव्हर ब्लॉक आणि स्कूलबसा. स्मार्ट बोर्ड छान आहे हो, पण पोरांनी पळायचं कुठे?

समितीला एवढीच विनंती, पाहुण्यांची भाषणं दोन कमी करा आणि सरांना माईक द्या. लॅबसाठी पैसे पाठवलेत, पावती सरांच्या नावाने फाडा.